दत्तराव बंद करा

नाव ठेवायची हौस बारशापुरती राहिली तर कुणाचं काही बिघडत नाही. बियाणे संस्थेच्या चेअरमननं ती कॉम्प्युटरवर भागवून घेतली, आणि सगळा घोळ तिथून सुरू झाला.

ब्याण्णव साली सेलूच्या दुधना सहकारी बियाणे संस्थेत तीन कॉम्प्युटर आले. एक मुख्य कचेरीत, एक जिंतूरच्या शाखेत, एक वालूरच्या. कुणाच्या शेतातलं बी कुठल्या पोत्यात आहे, त्याची उगवण किती, कोणत्या गावाला गेलं, असं सगळं त्यात भरायचं होतं. त्यासाठीचा प्रोग्रॅम औरंगाबादच्या उद्धव नावाच्या तरुण इंजिनिअरनं लिहिला होता, तोही पडद्यावर मराठी अक्षरं उमटवणारा. औरंगाबादेत बंद होता म्हणून उद्धव दोन दिवस उशिरा पोचला आणि आल्या आल्या बैठकीत म्हणाला, प्रोग्रॅमला एक नाव पाहिजे, चालू करताना ते टाइप करावं लागतं. चेअरमन बन्सीधरराव एक क्षणही थांबले नाहीत. म्हणाले, नाव हुडकायचं कशाला, आपल्या संस्थापकांचंच द्या.

संस्थापक म्हणजे वालूरचे दत्तराव. पंचवीस वर्षांपूर्वी स्वतःच्या बैलगाडीतून तुरीची पोती गावोगाव नेऊन त्यांनी ही संस्था उभी केली होती. आता वय बहात्तर, पदबिद काही नाही, पण प्रत्येक बैठकीत पहिली खुर्ची त्यांची. ते "कशाला, कशाला" म्हणत राहिले आणि तेवढ्यात टोपी सरळ करून घेतली. टाळ्या पडल्या. प्रोग्रॅमचं नाव ठरलं, दत्तराव.

कोपऱ्यात बसून बैठकीचा वृत्तांत लिहिणाऱ्या सुनेत्राचा पेन तिथंच अडखळला, कारण सुनेत्रा दत्तरावांची सून होती. बी.एस्सी. झालेली, टायपिंगची परीक्षा पास, रोज वालूरहून एसटीनं सेलूला येणारी. दोन वर्षं झाली तरी संस्थेत ती तात्पुरतीच कारकून होती. दर अकरा महिन्यांनी नेमणुकीचा नवा कागद निघायचा. सासऱ्यांनी नुसता एक शब्द टाकला असता तर ती केव्हाच कायम झाली असती, पण दत्तरावांचा बाणाच असा की माझ्या घरची आहे म्हणून तिला अर्धा दिवससुद्धा जास्त देऊ नका, असं त्यांनीच चेअरमनना सांगून ठेवलं होतं.

त्याच बैठकीत बन्सीधररावांनी तिच्याकडे काम सोपवलं. शाखेतल्या माणसांना इंग्रजीचा गंध नाही, तेव्हा प्रोग्रॅम कसा वापरायचा याची साध्या मराठीत पुस्तिका लिहायची. मेअखेर संचालक मंडळासमोर शाखेतला एक माणूस कुणालाही न विचारता, नुसतं पुस्तक वाचून कॉम्प्युटर चालवून दाखवेल. चालला तर सुनेत्रा कायम, आणि शाखांना शिकवायचं कामही तिचंच. नाही चालला तर पुस्तिका औरंगाबादच्या कुणाकडून तरी लिहून घेऊ. सुनेत्राचा कागद जूनमध्ये संपत होता, त्यामुळे पुढचं कुणी बोलून दाखवायची गरज नव्हती.

ती मोठ्या उमेदीनं बसली. उद्धवनं इंग्रजीत टिपणं दिली होती. टाइपरायटरवर कागद चढवला आणि पहिलं वाक्य घेतलं, "दत्तराव सुरू करा." बोटं "दत्त" पर्यंत गेली आणि थांबली. तिनं पुढची टिपणं चाळली, तर पुढं याहून भारी होतं. दत्तराव बंद करा. दत्तराव अडकल्यास शेजारची कळ दाबा. दत्तराव हलत नसल्यास दोन मिनिटं वाट पाहा. आणि पंधराव्या पानावर तर, दत्तराव पूर्ण पुसून टाका व नव्यानं भरा.

आता अशिक्षित म्हणून तिला कुणी हिणवायचं काम नाही. रेशनकार्डाच्या अर्जावर, मतदारयादीत सासऱ्याचं नाव तिनं स्वतःच्या हातानं लिहिलं होतं. पण अर्जात नाव लिहिणं वेगळं आणि घरच्या कर्त्या माणसाला नावानं हाक मारून बंद करणं वेगळं. त्या घरात तर विचारूच नका. सासूबाई सुलाबाईंनी बावन्न वर्षांच्या संसारात नवऱ्याचं नाव ओठावर येऊ दिलं नव्हतं. दत्तजयंतीलासुद्धा त्या "मार्गशीर्षातली पुनव" म्हणत. सुनेत्रानं रात्रीच्या जेवणात नवऱ्यापाशी विषय काढला. नवरा मार्तंड (आपण घेऊ त्याचं नाव, आपल्याला कोण अडवतंय) शाळेत मास्तर होता. तो म्हणाला, टाइप कर की सरळ, त्यात काय एवढं. पुरुषांना यातलं काही कळत नाही, हे सुनेत्राला ठाऊक होतंच.

मग तिनं तिच्या परीनं वाट काढली. जिथं बंद करायचं होतं तिथं तिनं "संच" लिहिलं. जिथं अडकायचं होतं तिथं "यंत्रणा". पुसून टाकायच्या ठिकाणी "प्रणाली". आणि जिथं काही चांगलं घडत होतं, मदत मिळत होती, सुरुवातीला परत जायचं होतं, तिथं मानानं "संस्थापक". संच बंद करा. यंत्रणा अडकल्यास. प्रणाली पुसून टाका. संस्थापकांकडे परत जा. कुणाचा अपमान नाही, कुणाचं अशुभ नाही. तिला इतकं हलकं वाटलं की त्या संध्याकाळी एसटीत उभं राहूनसुद्धा ती गुणगुणत घरी आली. बन्सीधररावांनी पुस्तिका वरवर चाळली, भाषा भारदस्त आहे म्हणाले, मुखपृष्ठावर स्वतःच्या अक्षरात "दत्तराव" लिहिलं, खाली दत्तरावांचा फोटो चिकटवला आणि तीस प्रती काढून शाखांना धाडल्या.

दहा दिवसांनी जिंतूरहून पत्र आलं.

जिंतूर शाखेचा गोदामपाल भुजंग. संस्थेच्या पहिल्या बैलगाडीवर दत्तरावांच्या शेजारी बसणारा माणूस, पन्नाशीचा, आणि कागदावर जे असेल ते अक्षरन् अक्षर पाळणारा. त्यानं लिहिलं होतं की कॉम्प्युटर मिळाला, मुखपृष्ठावरचं नाव टाइप केलं की पडद्यावर दत्तराव दिसतात, पुस्तकात सांगितलेल्या तीन वस्तूंपैकी संच मिळालेला आहे, परंतु यंत्रणा आणि प्रणाली या दोन वस्तू अद्याप शाखेस प्राप्त झालेल्या नाहीत, तरी त्वरित पाठवाव्यात. तिसऱ्या दिवशी वालूर शाखेच्या चंद्रभानचंही तसंच पत्र आलं. त्याला संचही मिळाला नव्हता.

बन्सीधरराव भडकले. कॉम्प्युटरवाल्यांनी माल कमी पाठवला म्हणून त्यांनी औरंगाबादला ट्रंक कॉल लावला. उद्धव बिचारा धावत आला, पुस्तिका वाचली आणि डोक्याला हात लावून बसला. सुनेत्राला म्हणाला, "वहिनी, वस्तू एकच आहे. तिला पहिल्या पानावर जो शब्द दिला, तोच शेवटच्या पानापर्यंत पाहिजे. शंभरदा आला तरी चालेल. शब्द बदलला की वाचणारा दुसरी वस्तू शोधायला लागतो." मग त्यानं साधा प्रश्न विचारला की नाव ठरलेलं असताना ते तुम्ही वापरलं का नाही. चेअरमन समोर, दोन शिपाई दारात. सुनेत्रानं नुसतं खाली पाहिलं. बन्सीधररावांना वाटलं हिला काही समजलेलंच नाही. येत्या गुरुवारी मेअखेरची बैठक आहे, तिथं काय व्हायचं ते होईल, नाहीतर औरंगाबादचा माणूस बघा, असं ते तिच्यादेखत उद्धवला म्हणाले. परतीच्या एसटीत तिनं खिडकीकडे तोंड करून डोळे पुसले.

हे झालं शनिवारी. रविवारी दुपारी सुलाबाई अंगणात कुरडया वाळत घालत होत्या, सुनेत्रा त्यांच्या हाताखाली होती, आणि दारात भुजंग येऊन उभा राहिला. जिंतूरहून दोन एसट्या बदलून आला होता, काखेत पुस्तिका. पाणीसुद्धा न पिता त्यानं ओट्यावर बसलेल्या दत्तरावांना नमस्कार केला आणि अकरावं पान उघडून पुढं धरलं. नोंद मध्येच थांबल्यास संस्थापकांकडे परत जा, असं त्यात लिहिलं होतं. नोंद शुक्रवारी थांबली होती. शनिवारी गोदाम सोडता आलं नाही, म्हणून तो आज आला होता. यंत्रणेसाठी आणि प्रणालीसाठी केलेल्या अर्जाचंही उत्तर आलेलं नाही, हेही त्यानं सांगितलं.

हसू नका. जुन्या काळी संस्थेत काहीही अडलं की लोक खरोखर दत्तरावांकडेच जात. भुजंगच्या दृष्टीनं पुस्तकात लिहिलं होतं ते अगदी रीतीला धरून होतं.

दत्तरावांनी चष्मा लावला. फोटोचं कौतुक होऊन पुस्तिका कपाटात ठेवलेली, आतलं पान त्यांनी पहिल्यांदाच वाचलं. एक वाचलं, दोन वाचली, मग भराभर शेवटपर्यंत गेले. चेहरा उतरला.

"सूनबाई," ते म्हणाले, "माझं नाव वरल्या पानावर हाय. आत एकदा बी न्हाई. सभेनं दिलेलं नाव व्हतं, मी मागाय गेलो नव्हतो. तुला लाज वाटती का त्याची?"

सुनेत्राच्या हातातली कुरडई मोडली. सासऱ्याला वाईट वाटावं, आणि तेही या कारणानं, असं तिच्या स्वप्नातही आलं नव्हतं. त्यांच्या मानासाठीच तर तिनं हे सगळं केलं होतं, आणि आता सांगायचं तर त्यांच्याच तोंडावर कसं सांगणार. तेव्हा सुलाबाई पदराला हात पुसत ओट्यापाशी आल्या.

"तिला काय विचारायलाव, मला विचारा," त्या म्हणाल्या. "बावन्न वर्षं झाली, मी घेतलं का कवा तुमचं नाव? आन त्या लेकरानं तुमचं नाव घेऊन तुमाला बंद करावं, पुसून टाकावं, आसं तुमचं म्हणणं हाय का?"

दत्तरावांनी पंधरावं पान काढलं. "ही प्रणाली म्हणजे मीच का?"

सुनेत्रानं मान हलवली.

"आन यंत्रणा?"

"तुम्हीच, मामंजी."

"भुजंगाला पोचली न्हाई म्हणून त्यानं अर्ज केला, ती?"

भुजंगनं मान खाली घातली. दत्तराव आधी गालात हसले, मग पोट धरून हसले, इतके की सुलाबाईंना पाण्याचा तांब्या आणावा लागला. पाणी पिऊन झाल्यावर मात्र ते गंभीर झाले. पहिल्या वर्षीची गोष्ट त्यांनी सांगितली. एकाच वावरातली तूर तीन माणसांनी पोत्यांत भरली. एकानं चिठ्ठीवर "वालूर तूर" लिहिलं, दुसऱ्यानं "लाल तूर", तिसऱ्यानं "दत्तरावांची तूर". पेरणीला गिऱ्हाइकं आली, लाल संपली तशी लाल मागत परत गेली, आणि बाकीची चांगली तूर गोदामात पडून राहिली. त्या वर्षापासून त्यांनी नियम घातला, वावरात जी चिठ्ठी पोत्याला बांधली तीच दुकानापर्यंत जाईल, मग अक्षर कुणाला आवडो न आवडो. उद्धवनं जे सांगितलं तेच हे होतं, फक्त तुरीचं.

"पुस्तक आण तुझं," ते म्हणाले, "आन पेन्सिल. तू वाच. नाव आलं की थांब. तिथं मी हाय."

मग त्या ओट्यावर जे चाललं ते वालूरमध्ये कुणी पाहिलं नसेल. सुनेत्रा वाचायची, "कॉम्प्युटरचं बटण दाबल्यावर" आणि थांबायची. दत्तराव खणखणीत आवाजात म्हणायचे, "दत्तराव." ती पुढं वाचायची, "सुरू करा." पानामागून पान गेलं. "काम संपल्यावर," ती म्हणाली. "दत्तराव," ते म्हणाले. "बंद करा," ती हळूच म्हणाली. अडकल्यास, हलत नसल्यास, सगळीकडे त्यांनी स्वतःचं नाव स्वतःच भरलं. पुसून टाकायच्या ठिकाणी ती जरा जास्त थांबली, तर ते म्हणाले, "दत्तराव. पुस बिनघोर. नव्यानं भरायचाय न्हवं?" भुजंग मोजत होता. त्याच्या मोजणीनं नाव त्र्याण्णव वेळा आलं. मध्ये दोनदा चहा झाला. सुलाबाई कुरडयांकडे पाठ करून ऐकत बसल्या होत्या आणि कावळ्यांनी बाजेवरच्या कुरडया अर्ध्या नेल्या, पण त्या दिवशी त्यांनी एक शिवी दिली नाही.

सोमवार, मंगळवार सुनेत्रानं नवी पुस्तिका टाइप केली. बोटं एकदाही थांबली नाहीत, कारण प्रत्येक ठिकाणी तिला ओट्यावरचा तो आवाज ऐकू येत होता. पण स्वतःच्या तोंडून नाव काढलं ते मात्र अजून एकदाही नाही.

गुरुवारी सेलूच्या कचेरीत संचालक मंडळ जमलं. पहिल्या खुर्चीवर दत्तराव, मागं भिंतीशी सुनेत्रा. कॉम्प्युटरसमोर भुजंग, कारण बन्सीधररावांनी मुद्दाम त्यालाच बोलावलं होतं. त्याला जमलं तर कुणालाही जमेल, असा त्यांचा हिशेब. अट पुन्हा वाचून दाखवली. पुस्तकाबाहेरचं कुणी काही सांगायचं नाही, कळांना दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही.

भुजंगनं ओळीखाली बोट ठेवलं आणि एका बोटानं नाव टाइप केलं. पडदा उजळला. त्यानं जिंतूरचं मुगाचं बी भरलं, उगवण लिहिली, पोत्यांचा आकडा टाकला. मध्येच पडदा थांबला. भुजंगनं शांतपणे अकरावं पान काढलं, दत्तराव अडकल्यास काय करायचं ते वाचलं, शेजारची कळ दाबली, आणि नोंद पुढं सरकली. एका संचालकानं "वा" म्हटलं. अर्ध्या तासात सगळं आटोपलं आणि भुजंग शेवटच्या पानावर आला.

तिथं तो थांबला. बोट कळेच्या वर हवेत, नजर पहिल्या खुर्चीवर. पुस्तकात लिहिलं होतं, दत्तराव बंद करा. आणि दत्तराव समोर बसले होते.

"मालक समोर बसल्यावर हे माझ्या हातनं व्हायचं न्हाई," तो म्हणाला आणि त्यानं हात मागं घेतला.

कुणी हसलं, कुणी कुजबुजलं. कडेच्या एका संचालकानं अटीची आठवण करून दिली. बंद झाल्याशिवाय काम पूर्ण झालं असं म्हणता येणार नाही, म्हणजे पुस्तक अपुरं पडलं. बन्सीधरराव घड्याळाकडे पाहू लागले. दत्तरावांनी तोंड उघडलं आणि मिटलं, कारण पुस्तकाबाहेरचं बोलायचं नव्हतं आणि आपल्या सुनेसाठी तर मुळीच बोलायचं नव्हतं. सुनेत्राला दिसलं की दोन वर्षं आणि त्र्याण्णव नावं एका कळेवर येऊन अडकली आहेत. कळेला हात लावायचा नाही. पण पुस्तकातलं वाचू नये, असं कुणी म्हटलेलं नव्हतं.

ती उठली. डोक्यावरचा पदर नीट केला, स्वतःची प्रत उघडली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं वाचलं.

"दत्तराव बंद करा."

भुजंगनं दचकून कळ दाबली. पडदा काळा झाला.

दत्तराव खुर्चीवरून हळूच उठले. "चेअरमनसाहेब," ते म्हणाले, "ह्या पोरीसाठी मी आजपत्तूर एक शब्द टाकला न्हाई, आज बी टाकत न्हाई. फकस्त येवढं बघा, दत्तराव बंद करायची छाती सगळ्या सभेत हिचीच झाली. आता उद्या सकाळी त्याला सुरू कोण करणार, ते तुमी ठरवा."

ठरवायला दोन मिनिटंही लागली नाहीत. बन्सीधररावांनी ठराव सांगितला आणि लिहायला दुसरं कुणी नव्हतंच, म्हणून स्वतःला कायम केल्याचा ठराव सुनेत्रानं स्वतःच लिहून घेतला. अक्षर जरा वाकडं आलं, पण वाचता येत होतं.

जूनच्या पहिल्या आठवड्यात कायमचा कागद हातात आला. तो देवापुढं ठेवून झाला, पेढे वाटून झाले. दुपारी ओट्यावर पडल्या पडल्या दत्तरावांचा डोळा लागला होता. सुनेत्रा चहा घेऊन बाहेर आली, तर उंबऱ्याशी सुलाबाई मांडीवर पुस्तिका घेऊन बसल्या होत्या. पोथी वाचण्यापुरतं वाचायला त्यांना येत होतं. बोट ओळीवर सरकवत, अक्षर अक्षर लावत त्या मोठ्यानं म्हणाल्या, "दत्तराव... सुरू... करा."

दत्तराव ताडकन उठून बसले. टोपी एकीकडे, चष्मा दुसरीकडे. बायकोच्या तोंडून स्वतःचं नाव कसं ऐकू येतं, हे त्यांना बहात्तराव्या वर्षी पहिल्यांदा कळत होतं.

"काय म्हणालीस?"

"मी कुठं काय म्हणलं?" सुलाबाई म्हणाल्या. "पुस्तकात लिव्हलंय ते वाचायलेय." आणि त्यांनी चहाकडे बोट दाखवून पान उलटलं.